देवाजवळ राहायचं म्हणजे करायचं काय?

आपल्या ख्रिस्ती मंडळींत एक सवय आहे. मेळाव्यावरून परत येताना रिक्षातच सुरू होतं, "आज काय आत्मा होता बाई!" आत्मा होता म्हणजे काय, तर किती जणी रडल्या, कोण गुडघ्यांवर गेलं, कुणाचा आवाज बसला. मी आपली मागे पर्स मांडीवर घेऊन गप्प. मला रडू येत नाही. सिनेमात येतं, दुसऱ्याच्या लग्नात पाठवणीच्या वेळी येतं, उपासनेत मात्र अजिबात नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं माझी पक्की समजूत होती की देवाच्या जवळच्या माणसांची यादी कुठे असेलच, तर आपलं नाव तिच्यात अगदी तळाला असणार, तेही पेन्सिलीनं.

आता साठी उलटली आणि ती समजूत गेली. का गेली ते लिहावंसं वाटलं. मी पाळक नाही, बायबल स्कूलचं तोंड पाहिलेलं नाही. मिरजेत नर्स होते. त्या हिशेबानं वाचा.

माझं आजोळ साताऱ्याचं. नारायण वामन टिळक 1917 मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला येऊन राहिले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावं, असं त्यांच्या मनात होतं. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. माझ्या आजीनं त्यांना पाहिलेलं असणं शक्य नाही, पण त्यांची भजनं तिच्या जिभेवर होती. तांदूळ निवडताना म्हणायची, चूल पेटवताना म्हणायची. शेजारच्या माळकरी काकू एकादशीला वारकऱ्यांचे अभंग म्हणायच्या, आजी रविवारी आमची भजनं. टाळ दोघींत एकच जोडी. ख्रिस्ताला ती सरळ माउली म्हणायची. तिला कुणी विचारलं असतं, "तुम्हाला देव जवळ वाटतो का हो?" तर ती म्हणाली असती, "आईजवळ असताना पोराला काय वाटायचं असतं?" आणि पुन्हा सुपात डोकं घातलं असतं. हा माझा अंदाज. प्रत्यक्षात तिला असलं काही कुणी विचारलंच नाही. तेव्हा असले प्रश्न कुणाला पडत नसत, किंवा पडले तरी बायकांना कोण विचारतंय.

मी नर्सिंग शिकले 1980 च्या दशकात, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये उभं केलेलं हे हॉस्पिटल. आमच्या वेळेला काचेच्या सिरिंजा उकळायच्या, गॉजचे चौकोन कापून ड्रममध्ये भरायचे आणि सकाळी ड्युटीआधी प्रार्थना. एक गीत, थोडं वचन, एक प्रार्थना. नाइट ड्युटीच्या मुली भिंतीला टेकून जांभया देत उभ्या. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर प्रार्थना लांबली की डोळे न उघडताच म्हणायच्या, "आमेन करा, पेशंटला बेडपॅन हवं असतं." मी ऐकलेल्या उत्तम प्रवचनांत मी हे वाक्य धरते.

त्यांनीच एक सवय लावली. रात्रीच्या राउंडला बॅटरी घेऊन फिरायचं आणि प्रत्येक कॉटपाशी एक वाक्य, मनातल्या मनात. "प्रभू, याला झोप लागू दे." "हिचे टाके सुकू देत." "याच्या बायकोला उद्याच्या गाडीला जागा मिळू दे." जतचे, अथणीचे, विजापूरकडचे पेशंट असायचे, अर्ध्यांशी मला नीट बोलताही यायचं नाही, माझं कानडी म्हणजे 'नोवु इदे का', दुखतंय का, एवढंच. पण कॉटपाशी थांबून एक वाक्य म्हणायला कानडी लागत नाही. मला काही तेज वगैरे दिसलं नाही कधी. पाय दुखायचे आणि पहाटे तीनला चहाची तल्लफ यायची. अजूनही रात्री झोप लागली नाही की मी आमच्या गल्लीतल्या घरांच्या क्रमानं जाते. अत्तारांचं घर, मग तंतुवाद्यांचं दुकान, त्याच्या वर राहणारे पाटील, मग कोपऱ्यावरचा दवाखाना. बहुतेक वेळा पाटलांपर्यंत पोचेतो डोळा लागतो. पाटलांच्या पलीकडच्यांवर जरा अन्यायच होतो.

मिस्टर गेले तेव्हा मात्र हेही थांबलं. प्रार्थनेला बसलं की डोक्यात पेन्शनचे कागद, लाइट बिल, मुलाची फी. देव रागावलाय असंही वाटेना. रागावला असता तर निदान तो आहे असं तरी वाटलं असतं. रविवारी चर्चला जायची, कारण फुलांची पाळी माझ्याकडे होती आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. एवढाच धागा. शेवटी पाळकसाहेबांना सांगितलं. म्हातारे होते, समजुतीच्या गोष्टी फारशा न सांगणारे. म्हणाले, 73 वं स्तोत्र वाचा, पण सुरुवातीपासून.

सुरुवातीपासून का, ते वाचल्यावर कळलं. आपण त्यातली शेवटची ओळ कॅलेंडरवर छापतो, "देवाजवळ जाणे यातच माझे कल्याण आहे." पण तिथवर येण्याआधी स्तोत्र लिहिणारा आसाफ किती कुरकुरलाय ते पाहा! दुष्टांचं बरं चाललंय, त्यांना कसलं दुखणं नाही, अंगानं धष्टपुष्ट आहेत, मी मात्र उगीच हात स्वच्छ ठेवले. माझे पाय जवळजवळ घसरलेच होते, असं तो स्वतः म्हणतो. ही सगळी कुरकुर त्यानं देवासमोरच केली, हे मला फार आवडलं. देवाजवळ असलेल्या माणसाचीच ती भाषा आहे. लांबच्या माणसाशी आपण असं कुठे भांडतो?

आणि एलीया. राजांच्या पहिल्या पुस्तकातला 19 वा अध्याय मी संडेस्कूलमध्ये किती वेळा ऐकला असेल, पण नर्स म्हणून वाचला तो त्या वर्षी. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा. ईजबेल राणीनं धमकी दिली आणि हा पळाला, बैर-शेब्याला नोकराला सोडलं, एकटा रानात एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि झोपला. आता आपल्याकडच्या कुणाही सांत्वन करणाऱ्याला तिथे पाठवा. पहिलं वाक्य काय असेल? "विश्वास कमी पडला बघ." देवदूत आला आणि त्यानं हात लावून उठवलं आणि सांगितलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीयानं खाल्लं, प्यायला, परत झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा भाकर. तुला वाट फार लांबची आहे, एवढंच म्हणाला. झोप, अन्न, पाणी, परत झोप. कुठलीही शहाणी नर्स हेच करील. त्या बळावर तो 40 दिवस आणि 40 रात्री चालत होरेब डोंगराला गेला आणि तिथे गेल्यावर मग देवानं विचारलं, एलीया, तू इथे काय करतोस? प्रश्न विचारायचा होताच, पण उपाशीपोटी नाही विचारला.

म्हणून मला राग येतो. दोन पोरं, सासरे अंथरुणाला खिळलेले, वर नोकरी, अशा बाईला आपण सल्ला देतो, पहाटे चारला उठून प्रार्थना कर म्हणजे देवाजवळ येशील. पहाटेच्या प्रार्थनेला माझा विरोध नाही. ज्याला जमते त्यानं जरूर करावी, येशूही पहाटे अंधारात उठून एकांतात जात असे. पण तोच येशू होडीत उशी घेऊन वादळातही गाढ झोपला होता. ते कुणी सांगत नाही.

हे सगळं डोक्यात परत आलं ते आमच्या गुरुवारच्या घरगुती प्रार्थनेत. लग्न होऊन मिरजेत आलेली एक मुलगी, सांगलीला बँकेत जाते-येते. ती म्हणाली, "काकू, मी वचन वाचते, प्रार्थना करते, उपास पण धरला लेंटमध्ये. पण काही वाटत नाही. देव जवळ आहे असं वाटतच नाही." कुणी तिला यूट्यूबवरचे संदेश सुचवले, कुणी पापकबुली कर म्हणालं. मला तेव्हा मणेराजुरीची बाग आठवली, पण तिथे सांगायला जमलं नाही, पोहे आले.

तर ती बाग. आमचे एक जुने पेशंट, हर्नियाच्या ऑपरेशनला आलेले, आबा. तासगाव तालुक्यात मणेराजुरीला त्यांची द्राक्षबाग. दर सीझनला पेटी पाठवतात. एकदा एप्रिल संपता संपता तिकडे एका लग्नाला गेले, म्हटलं बाग पाहून येऊ. गेले आणि चरकलेच. डोक्यावर भाजणारं ऊन, तारांचा नुसता मांडव, खाली काळी खोडं आणि ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या. पान नाही, काडी नाही. खाली कापलेल्या काड्यांचा खच. म्हटलं, "आबा, बागेला काय रोग लागला?" आबा हसायलाच लागले.

"रोग कशाचा सिस्टर, खरड छाटणी झालीया."

आपल्या भागात द्राक्षाला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची ती खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. माल निघून गेल्यावर एप्रिलमध्ये सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत खरडून काढायच्या, बुडाशी एखादा डोळा ठेवायचा. त्या डोळ्यातून नवी फूट येते, तिचा शेंडा मारतात, काडी जाड होते, पावसाळ्यात पिकून तपकिरी पडते. मग ऑक्टोबरमध्ये ती काडी आखूड करून डोळ्यांना पेस्ट लावतात म्हणजे सगळे एकदम फुटतात. (ही पेस्ट म्हणजे जहाल औषध. हातमोजे घालून लावायचं असतं, आणि लावायच्या आधी आणि लावल्यावरही पुढे काही दिवस दारूच्या थेंबाला शिवायचं नाही. तोंड लालबुंद, छाती धडधडतेय असे गडी आम्ही कॅज्युअल्टीत पाहिलेत. बायको शेजारी उभी राहून म्हणायची, "घ्या आता.")

आपल्याला दिसतात ते घड ऑक्टोबरनंतरचे. माझी समजूत, ते तेव्हाच धरतात. आबांनी मान हलवली. त्यांनी खोडाशी वाकून एक नुकताच फुगलेला डोळा दाखवला, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, वर तांबूस कापसासारखी लव.

"ह्याची काडी हुणार. आणि काडीच्या डोळ्यात घड धरतोय तो ह्याच उन्हाळ्यात बघा. छाटणीपसनं दीड-दोन म्हयन्यात. बारीक, डोळ्याला दिसत न्हाय. पुढं ऑक्टोबरला निस्ता बाहीर येतोय."

"मग कळतं कसं, आहे की नाही ते?"

"छाटायच्या आधी काड्या तपासून आणायच्या. दुर्बिणीखाली डोळा चिरून बघत्यात, कितव्या डोळ्यात माल हाय. तिथनं काडी छाटायची. पर आत्ताच्या दिवसात ढग ऱ्हायलं, ऊन न्हाय मिळालं, की घडाची बाळी हुती. मग ऑक्टोबरला कितीबी पैसा वता, वांझ फूट."

बाळी म्हणजे वेलाचा तो कुरळा तंतू. दिसायला गोड असतो.

योहानाच्या 15 व्या अध्यायात येशू म्हणतो, मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, माझ्यामध्ये राहा. हे त्यानं कधी सांगितलं ते लक्षात घ्यायला हवं. शेवटचं भोजन झालं होतं, यहूदा उठून गेला होता, उरलेले 11 जण काही तासांनी त्याला सोडून पळणार होते, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्यांना तो पुन्हा पुन्हा म्हणतो, राहा, राहा. मला जवळ वाटून घ्या असं एकदाही म्हणत नाही. फाट्यानं करायचं ते इतकंच, खोडाला धरून असायचं. रस चढतोय की नाही हे फाट्याला कळत असेल असं मला वाटत नाही. एप्रिलमधल्या त्या डोळ्याला तर नक्कीच कळत नाही की आपल्या काडीत घड धरणार आहे. माझी मिस्टरांच्या नंतरची ती वर्षं मला त्या दुपारी आठवली. फुलांची पाळी, न समजता म्हटलेली गीतं, कोरड्या तोंडानं घेतलेलं प्रभुभोजन. तेव्हा काहीच दिसत नव्हतं. धरत काहीतरी असावं, कारण आज जी काही थोडीफार प्रार्थना माझ्याकडून होते, माणसांचा थोडा कमी वैताग येतो, ते त्या वर्षांच्या आधी माझ्यात नव्हतं.

दृष्टान्त मी ताणणार नाही. येशूच्या देशात वेल हिवाळ्यात पान गाळून झोपतो आणि मुख्य छाटणी तेव्हा करतात. मणेराजुरीचा हिशेब योहानाला माहीत नव्हता. शिवाय याच छाटणीवरून ऐकलेली काही भाषणं मला सहन होत नाहीत. तरणाताठा मुलगा गेलेल्या घरी जाऊन, "देव तुमची छाटणी करतोय, अधिक फळ यावं म्हणून." मी अशा एका घरात चहा देत होते, कप आपटला होता मी ट्रेमध्ये. वचनात माळी पिता आहे असं लिहिलंय. कात्री त्याच्या हातात. भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात नाही.

इथपर्यंत सगळं मला झेपतं. अवघड आहे ते पुढचं. त्याच अध्यायात, दहाव्या वचनात, येशू म्हणतो की माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. कुठली आज्ञा? दोनच वचनं खाली आहे. जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा. म्हणजे देवाजवळ राहण्याचा रस्ता सरळ वर जात नाही. तो माझ्या जाऊबाईंच्या घरावरून जातो.

जाऊबाई सांगलीच्या. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद होतं, लग्नाकार्यात "सलाम" म्हणायचं आणि दुसऱ्या ओळीत बसायचं. मेळाव्यात त्या पहिल्या रांगेत, आणि रडायला एक नंबर. ऑगस्ट 2019 ला कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलं. मारुती चौकाच्या मागे त्यांचं घर, तळमजला सगळा पाण्यात. मुलानं विचारलं, काकूंना आणू ना? आता यात विचारण्यासारखं काय होतं, पण मी क्षणभर थांबले होते हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

त्या आल्या, त्यांच्या सूनबाई, नातवंडं, एक कुकर आणि कपड्यांची बोचकी. त्या मुक्कामात मला धड पाच मिनिटं प्रार्थना करता आली नाही. डाळीत मीठ कमी, गिझर कुणी चालू ठेवला, बाथरूमला रांग. पाणी ओसरल्यावर त्यांचा मुलगा घरी जाऊन जे हाताला लागलं ते घेऊन आला. रेशनकार्ड, पॉलिस्या, लग्नाचा अल्बम आणि सासूबाईंचं बायबल, भिजून दुप्पट जाड झालेलं. जाऊबाईंनी माझ्या पलंगावर पंख्याखाली पेपर अंथरले आणि केसातला आकडा काढून एकेक पान सोडवायला बसल्या. पान सुटलं की टाल्कम पावडर भुरभुरवायची, वर वाटी ठेवायची उडू नये म्हणून. घरातल्या सगळ्या वाट्या गेल्या, मला कालवण वाढायला वाटी राहिली नाही. थोडा वेळ बघत राहिले, मग मीही आकडा घेऊन दुसऱ्या टोकानं, प्रकटीकरणाकडून, सुरू केलं. सासूबाईंनी जागोजागी पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या. कुणाचा ताप, कुणाची परीक्षा. एका पानावर माझ्या मुलाच्या जन्माची तारीख होती, स्तोत्रसंहितेत, आणि ते पान जाऊबाईंच्या बाजूला निघालं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं.

वाटणीचा विषय निघाला नाही. तो अजूनही मिटलेला नाही, कागद वकिलाकडे आहेत. पण आता फोन होतात, आणि आंब्याच्या दिवसांत त्या लोणच्याची बरणी पाठवतात. मीठ जास्त असतं. रात्री गल्लीतली घरं मोजताना मी हल्ली सांगलीपासून सुरुवात करते, म्हणजे झोप लागली तरी ते घर राहून जात नाही.

त्या बँकेतल्या मुलीला नंतर चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. द्राक्षाचं काही सांगितलं नाही, तिला उशीर होत होता. म्हटलं, आधी रात्री अकराला मोबाइल ठेवून झोपत जा. आणि सासूबाईंशी अबोला धरलायस असं ऐकलं, तो सोड. झोपेचं तिला लगेच पटलं.